थंडीत शेगडी दहा मिनिटांत मान टाकते? आधी डब्याला हात लावून बघा

जानेवारीतली पहाट, भंडारदऱ्याचा पाणकाठ, गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान ९ अंश. सासूबाई शाल गुंडाळून घडीच्या खुर्चीत बसलेल्या, हातात रिकामा कप. पातेल्यात चहा-साखर पडलीय, पाणी कोमटाच्या पुढे जायला तयार नाही, आणि शेगडीची ज्योत निळ्या मण्यांएवढी उरलीय. नॉब पूर्ण उघडा. गॅसचा डबा काढून कानाशी हलवला तर आत गॅस चक्क डुचमळतोय.

"संपला असेल गं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, आत्ताच नवा लावलाय."

लागोपाठ तिसऱ्या सहलीला हेच झालं. आधीच्या दोन वेळा मी शेगडीला शिव्या देऊन घरी आणली, ठाण्यात गॅलरीत लावून बघितली, तर मस्त ढणढण पेटली. दुकानदाराकडे नेली, त्यानंही पेटवून दाखवली, "मॅडम, पीस एकदम ओके आहे." आणि तो खोटं बोलत नव्हता. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन-चार घरांतून मला हाच प्रश्न आलाय. कुणाची शेगडी माळशेजला रुसली, कुणाची इगतपुरीला. प्रत्येकानं शेगडी बदलून बघितलीय आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. शेवटी नवी शेगडी-ग्रिल घेताना काय बघायचं तेही आलंच, कारण निम्मा घोळ खरेदीतच झालेला असतो.

वजनकाटा काय म्हणाला

आपल्याकडे गाडीतून कॅम्पिंगला जाणारे बहुतेक जण ती चपटी, सुटकेसमध्ये मावणारी एका बर्नरची शेगडी घेतात. बाजूच्या कप्प्यात डासांच्या स्प्रेसारखा लांबुळका डबा आडवा बसतो. डब्यात साधारण २२० ग्रॅम ब्युटेन असतो.

तिसऱ्या वेळी घरातला पीठ मोजायचा डिजिटल काटा मी बरोबर नेला होता. नवा डबा ३१८ ग्रॅम. चहा अर्ध्यावर राहिला तेव्हा, म्हणजे अठरा मिनिटांनी, २७१. माझ्याकडचा रिकामा डबा ९८ भरतो. म्हणजे आत १७३ ग्रॅम गॅस शिल्लक, पाऊण डब्याहूनही जास्त, आणि तरी शेगडी उपाशी. मग डब्याला हात लावला. माठाला बाहेरून सुटतं तसं पाणी सुटलेलं, बोटं नको म्हणत होती इतका गार.

तिथं उलगडा झाला. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, जळताना त्याची वाफ व्हावी लागते, आणि वाफ व्हायला उष्णता लागते. ही उष्णता द्रव स्वतःतूनच काढतो, म्हणून जळता जळता डबा गार होत जातो. अशी शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण १६० ग्रॅम गॅस खाते. त्याचा हिशोब मांडला, तर बाहेरून काहीच ऊब मिळाली नाही असं धरल्यास भरलेला डबा मिनिटाला दीड-पावणेदोन अंशांनी उतरतो. आजूबाजूची हवा थोडी ऊब परत देते, म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो. आता मुद्द्याचा आकडा: साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे डबा शून्याच्या जवळ पोहोचला की आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच होतो, आणि गॅसला बाहेर ढकलायला कुणी उरत नाही. ठाण्यात २८ अंशांवरून सुरुवात केली तर घसरायला भरपूर जागा असते. भंडारदऱ्याला ९ अंशांवरून सुरुवात केली की दहा-पंधरा मिनिटांत खेळ आटोपतो. दुकानात शेगडी कधीच बिघडत नाही, ती यामुळे.

भाऊजींचं म्हणणं होतं की हे उंचीमुळे होतं. उंचीचा यात दोष नाही. भंडारदरा साडेसातशे मीटरच्या आसपास, तिथं पाणी दोन-अडीच अंश आधी उकळतं इतकंच. उलट हवेचा दाब कमी असल्यानं ब्युटेनला बाहेर पडायला किंचित सोपं जातं.

खात्री करायची म्हणून ठाण्यात परत आल्यावर मी बिघाड मुद्दाम घडवून आणला. बादलीत बर्फाचं पाणी केलं, डबा अर्धा तास त्यात बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि उघड्या गॅलरीत शेगडीला लावला. बाहेर तीस अंश, घामानं कपडे चिकटलेले, आणि शेगडीची ज्योत पहिल्या मिनिटापासून मण्यांएवढी! हुबेहूब भंडारदरा. पंधरा-वीस मिनिटं डबा बाहेर ठेवला, पुन्हा लावला, आच परत आली. सासूबाई दारातून बघत होत्या. "आता गॅसला पण सरबत पाजतेस का?"

(ही उचापत करायची असेल तर उघड्या जागीच करा. डबा फ्रीझरमध्ये मात्र कुणी ठेवू नका. फ्रिजच्या आत ठिणगी पडायला वाव असतो.)

मग करायचं काय

सर्वांत स्वस्त उपाय: दोन डबे न्या आणि आळीपाळीनं वापरा. एक शेगडीत असतो तेव्हा दुसरा अंगाशी. नुसता गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवलात तर काही फायदा नाही. गोधडी स्वतः ऊब देत नाही, असलेली टिकवते, आणि गार डब्यात टिकवण्यासारखं काही नसतं. जाकिटाच्या आत, शालीखाली, माणसाच्या अंगाशी वीस-पंचवीस मिनिटं हवा. आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे. पहाटे उठल्या की शालीत डबा घेऊन बसतात. चहाची घाई त्यांनाच असते, त्यामुळे कंटाळा करत नाहीत. अर्थात डबा अंगाशी असताना जवळ ज्योत, विडी, सिगारेट काही नको.

दुसरा उपाय कोमट पाण्याचा. गार पडलेला डबा शेगडीतून काढायचा, आपला हात सुखानं बुडेल एवढ्याच कोमट पाण्यात पाच मिनिटं धरायचा, नीट पुसायचा, परत लावायचा. हाताला चटका बसेल ते पाणी चालणार नाही. डब्यांवर स्पष्ट छापलेलं असतं, ५० अंशांच्या वर नेऊ नका. आणि डबा शेगडीत लावलेला असताना त्याला लायटरनं शेकवणारे महाभाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. त्यांच्यापासून लांब बसा.

तिसरा उपाय खरेदीचा आहे. काही शेगड्यांत बर्नरजवळून डब्याच्या कप्प्यापर्यंत धातूची एक पट्टी गेलेली असते. ज्योतीची थोडी ऊब ती डब्याकडे पोहोचवते. दुकानात झाकण उघडून ही पट्टी आहे का बघा. असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्यात. भाऊजींची शेगडी अशी आहे. त्याच पहाटे, तशाच डब्यावर त्यांचा स्टोव्ह नीट चालला होता आणि ते दिवसभर मला ऐकवत होते.

चौथा, डब्यातला गॅसच बदलायचा. ट्रेकिंगच्या दुकानांत पेचाचे बुटके, गोल डबे मिळतात, २३० ग्रॅमचे आणि त्याहून मोठेही. त्यांत बहुधा आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. आयसोब्युटेन उणे पावणेबारा अंशांना उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला, त्यामुळे सह्याद्रीतली कुठलीही थंडी त्यांना किरकोळ. पण त्यांना शेगडी वेगळी लागते, आडव्या डब्याच्या शेगडीत ते बसत नाहीत. मधला जोड मिळतो, पण दोन भलत्या माणसांचं लग्न लावून देण्यात मला रस नाही. शिवाय डब्याच्या डोक्यावर बसणारी ती तीन पायांची शेगडी एकट्यादुकट्याच्या मॅगीला ठीक. पाच माणसांच्या पोह्यांची कढई तिच्यावर ठेवून ढवळायला लागलात की डबा, शेगडी आणि पोहे तिन्ही कलंडतात. आमच्या कांद्यासकट कलंडलेत.

खटकन बंद पडते, त्याचं कारण नेमकं उलटं

आता दुसरी तक्रार, ही उन्हाळ्यात जास्त येते. शेगडी जोरात चालू आहे, वर मोठा तवा आहे, भाकरी किंवा मासे चाललेत, आणि मधेच खट् आवाज होऊन शेगडी बंद. डब्याची कळ आपोआप वर आलेली. पुन्हा दाबली तर बसत नाही.

हा बिघाड नसून शेगडीनं तुमचा जीव वाचवलाय. चांगल्या शेगडीत दाबावर चालणारी सुटका असते. डबा तापून आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती डबा बर्नरपासून तोडते. डबा तापतो कशामुळे, तर तव्यामुळे. बिडाचा मोठा तवा किंवा ग्रिलची प्लेट बर्नरच्या बाहेर येऊन डब्याच्या कप्प्यावर सावली धरते आणि खालची सगळी धग कप्प्यात परतते. म्हणून नियम असा: तव्याची कड कप्प्याच्या झाकणावर येता कामा नये. बंद पडली तर सगळं उतरवा, डबा काढून सावलीत ठेवा, अर्धा तास थांबा. ओलं फडकं टाकून घाईनं पुन्हा चालवणं, कळीला काडी अडकवून ती दाबून ठेवणं असले उद्योग नकोत. आणि ज्या स्वस्त शेगडीत ही सुटकाच नाही, ती घरात आणू नका. खोक्यावर लिहिलेलं असतं, नसेल तर दुकानदाराला कळ दाखवायला सांगा. त्याला ती कळ कुठं आहे हेच माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आणखी एक चूक घाईघाईत होते. लांब डब्याच्या तोंडाशी एक खाच असते, ती वरच यायला हवी. डब्याच्या आत वाकडी नळी असते आणि खाच वर असली की नळीचं टोक द्रवाच्या वर, वाफेत राहतं. खाच खाली गेली की वाफेऐवजी द्रव बर्नरकडे येतो आणि पिवळा भडका हातभर वर जातो. धड बनावटीच्या शेगडीत डबा उलटा बसतच नाही. तरी भुवया जपा.

वारा

याला मी वेगळा दोष मानत नव्हते, घड्याळाच्या काट्यानं मानायला लावलं. एक लिटर पाणी, झाकण ठेवून, आमच्या गॅलरीत सहा मिनिटांत उकळलं. तेच पातेलं, तेवढंच पाणी काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे ठेवलं, तर चौदा मिनिटं लागली. तिथं थंडीचं नावही नव्हतं, डबाही गार नव्हता. ज्योत आडवी होऊन पातेल्याच्या बाहेर जळत होती इतकंच. कागदावरच्या हिशोबानं लिटरभर पाणी उकळायला तेरा-चौदा ग्रॅम गॅस पुरायला हवा. वाऱ्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो.

आडोसा करा, पण तीन बाजूंनीच, आणि डब्याची बाजू मोकळी ठेवा. अॅल्युमिनियमच्या फॉइलनं शेगडी चहूकडून लपेटणारे व्हिडिओ बघितलेत मी. तो आडोसा वाऱ्याला अडवतो आणि धग डब्याकडे फिरवतो, म्हणजे वरच्या खट्-प्रकरणाला आमंत्रण. आम्ही भाजीचं प्लॅस्टिकचं क्रेट न वापरता फळांची लाकडी पेटी उभी करतो, हातभर अंतरावर. गाडीच्या उघड्या डिकीत शेगडी मांडून स्वयंपाक करायची फॅशन आलीय, ती मला मान्य नाही. ठाण्या-नवी मुंबईतल्या निम्म्या गाड्या सीएनजीच्या, टाकी डिकीतच. तिच्या डोक्यावर ज्योत कशाला?

वाळलेलं गवत आधी हातानं उपटून जागा उघडी करा. जानेवारी ते मे सह्याद्रीतलं गवत काडीपेटीच असतं. आणि येऊरला शेगडी काढू नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, आपल्या सोसायटीची गच्ची नव्हे.

अमेरिकेहून आलेली हिरवी शेगडी

खारघरच्या माझ्या धाकट्या दिरांचं हे प्रकरण. मित्रानं न्यू जर्सीहून दोन बर्नरची देखणी शेगडी आणून दिली. झाकण उघडलं की तीन बाजूंनी आडोसा, वर दहा दहा हजार बीटीयूचे (बीटीयू म्हणजे आच मोजायचं तिकडचं माप) दोन बर्नर. तिकडे ती एक पौंडाच्या प्रोपेनच्या छोट्या बाटलीवर चालते. तशी बाटली आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, म्हणून यांनी ऑनलाइन एक जोड मागवला आणि घरच्या सिलिंडरची नळी त्याला जोडली. ज्योत आली, पण मेणबत्तीएवढी. "गॅसमध्ये भेसळ आहे," इथपर्यंत निदान पोहोचलं होतं.

भेसळ वगैरे काही नव्हती. त्या शेगडीच्या नळीतच स्वतःचा रेग्युलेटर बसवलेला असतो आणि त्याला बाटलीचा पूर्ण दाब अपेक्षित असतो. आपला घरगुती रेग्युलेटर गॅस अवघ्या ३० मिलिबारवर आणून सोडतो. त्यापुढे दुसरा रेग्युलेटर आणि बारीक भोकाचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी तोंडं. ज्योत मेणबत्तीसारखी येणार नाही तर काय? यावर कुणीतरी त्यांना सल्ला दिला, रेग्युलेटर काढून थेट सिलिंडरला जोड. तो सल्ला त्यांनी ऐकला नाही, याबद्दल मी गणपतीला नारळ फोडलाय. जेटची भोकं टाचणीनं मोठी करून घ्यायचा सल्लाही आला होता. जेट साफ करायला बारीक पिन चालते, मोठं करायला नाही. भोक वाढलं की गॅस जास्त, हवा तेवढीच, मग पिवळी ज्योत, पातेल्याला काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड.

ती शेगडी आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे. तिच्या जागी जांभळी नाक्याच्या बाजारातून साधी, आयएसआय छापाची दोन बर्नरची स्टीलची शेगडी आणली, छोटी, काचेचा वरचा भाग नसलेली. काच प्रवासात तडकते. तिच्याबरोबर ५ किलोचा छोटा सिलिंडर, इंडियन ऑइलचा तो 'छोटू'. तो घ्यायला गॅसचं कनेक्शन किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. रेग्युलेटर त्याच ठिकाणी, सिलिंडरला लावून बघून घ्या, घरचा बसेल असं गृहीत धरू नका. नळी सुरक्षा छापाचीच, दीड मीटरची.

सहा-सात माणसं आणि दोन रात्री असतील तर माझ्या मते हाच एक शहाणा पर्याय आहे. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, वर पाच किलो द्रवाचा साठा. एवढा मोठा साठा चहा होईस्तोवर गार पडत नाही. दोन्ही बर्नर पूर्ण सोडले तरी बारा-चौदा तास जातात. थंडीची रड इथं संपते.

फक्त भट्टीचा रेग्युलेटर या शेगडीला लावू नका. केटरिंगवाल्यांच्या शेगडीला जास्त दाबाचा, चावी फिरवून कमी-जास्त होणारा रेग्युलेटर असतो. बाजारात दोन्ही शेजारी टांगलेले असतात. घरगुती शेगडीवर तो लावलात तर ज्योत बर्नर सोडून हवेत नाचायला लागते. फुर्र असा आवाज आणि बर्नरपासून सुटलेली ज्योत दिसली की सिलिंडर बंद करा, आधी रेग्युलेटर तपासा.

आणि रिकामे झालेले ते लांब डबे सिलिंडरमधून भरून देणारे लोक असतात. तो पत्रा ब्युटेनच्या दाबासाठी केलेला आहे. त्यात प्रोपेनमिश्रित गॅस कोंबलात आणि मे महिन्यात गाडीत ठेवलात तर पुढचं सांगायला नको. घरगुती सिलिंडरमधून असा गॅस काढणं बेकायदाही आहे.

ग्रिलचं काय

बहुतेकांना शेगडी आणि ग्रिल एकाच खोक्यात हवी असते. मी घेतली होती. एका बाजूला बर्नर, दुसऱ्या बाजूला जाळी. पश्चात्ताप झाला.

खोक्यावर बीटीयूचे मोठे आकडे असतात, त्यांना भुलू नका, ग्रॅममध्ये बदला. हजार बीटीयू म्हणजे तासाला साधारण वीस-बावीस ग्रॅम गॅस. दहा हजारांची ग्रिल तासाला दोनशेच्या वर खाते, म्हणजे २२० ग्रॅमचा डबा तासभरात खलास. आणि वाढत्या खपाबरोबर डबा गारही भराभर होतो, म्हणजे आपण फिरून पहिल्या दुखण्याशी. भर म्हणून जाळीवर पापलेट ठेवलं की मसाला आणि तेल बर्नरच्या भोकांत ठिबकतं. परतल्यावर टूथब्रश आणि पिन घेऊन भोकं कोरत बसणं हा माझा रविवार. तेल पडलं की भडका होतो तो वेगळाच.

मला जमलेली वाटणी अशी: गॅसवर चहा, भात, रस्सा, आणि बिडाच्या लहान तव्यावर सुरमई. धुराची चव हवी असेल तर वेगळी कोळशाची छोटी शेगडी, वांगी आणि मक्याची कणसं तिच्यावर. कोळशाला थंडी बाधत नाही. गॅसवरची ग्रिल घ्यायचीच असेल तर मधोमध उंचवटा आणि कडेला तेल वाहून जायची पन्हळ असलेली सपाट प्लेट घ्या, जाळी नको. मापानं बर्नरपुरती. पुन्हा सांगते, डब्याच्या कप्प्यावर येणारी नको.

कोळसा असो की गॅस, तंबूत आणि बंद गाडीत दोन्ही नकोत, पाऊस आला तरी नकोत, "फक्त ऊब यावी म्हणून" तर मुळीच नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उलट गळणाऱ्या गॅसला वास असतो, पण तो हवेपेक्षा जड, तंबूच्या तळाशी साचतो, आणि आपलं नाक वरच्या उशीवर असतं.

किरकोळ, पण नेहमीचं

गॅसचा वास येतोय आणि सगळं तर घट्ट आहे: जोडाजवळची काळी रबरी रिंग बघा. वर्षभर माळ्यावर पडून ती कडक होते, चिरते. साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसले तर रिंग बदला. काडी पेटवून तपासणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतात.

खटका ओढूनही ठिणगी पडत नाही: खाडीकाठची दमट हवा. ठिणगीची सळई कोरड्या फडक्यानं पुसा. आणि काडीपेटी प्लॅस्टिकच्या डबीत कायम बरोबर ठेवा. आमची मिठाच्या पिशवीत असते म्हणजे कुणी विसरत नाही.

ज्योत एका बाजूनंच येते: मागच्या सहलीतलं उतू गेलेलं दूध. बर्नरची टोपी काढून धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

वाहतुकीबद्दल. डबे शेगडीतून काढून, झाकण लावून, वेगळ्या पिशवीत. सिलिंडर उभा, पट्ट्यानं बांधलेला, रेग्युलेटर काढून टोपी लावलेली, काच बोटभर उघडी. उन्हात बंद गाडी ५० अंशांच्या सहज पुढे जाते, म्हणून घोटीला जेवायला थांबलात तर सावली शोधा किंवा पिशवी बरोबर घ्या. लोकलनं किंवा एक्स्प्रेसनं जाणार असाल तर यातलं काहीच नेता येत नाही, तो गुन्हा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वेडब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरनं आग लागली आणि नऊ माणसं गेली. कारण होतं चहा-कॉफी.

परतल्यावर प्रत्येक डबा काट्यावर ठेवून वजन मार्करनं त्यावरच लिहायचं, हे काम लेकीचं आहे. सध्या माळ्यावर तीन आहेत. एकावर १४१, एकावर २०६, आणि तिसऱ्यावर तिनं लिहिलंय: "आजीचा, हात लावू नये".